सगळेच बिंबराजाबरोबर आले, मग शेत कोण करत होते?

मागच्या काही लेखांत आपण पेट परीक्षा, सिनॉप्सिस आणि लिटरेचर रिव्ह्यू यांवर बोललो. लिटरेचर रिव्ह्यूवरचा लेख वाचून काही जणांनी विचारले, "पेपर वाचायचे हे कळले, पण त्यातले खरे किती मानायचे हे कसे ठरवायचे?" प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर मी या वेळी माझ्या विषयातून देणार नाही, घरातून देणार आहे. कारण हा धडा मला प्रयोगशाळेत जितका कळला नाही तितका एका लग्नघरात कळला.

आधी माझी बाजू सांगते. मी मोऱ्याची. उरणचे मोरा बंदर, तेच. माझा विषय भूशास्त्र. खाडीतल्या गाळाचे थर काढायचे, कोणता थर कधीचा हे ठरवायचे, हे माझे काम. इतिहास माझा विषय नाही. म्हणून पुढचे सगळे एका शिकाऊ माणसाचे वाचन आहे असे समजा, आणि कुठे चुकले तर पुराव्यानिशी दाखवा.

झाले असे की आमच्या भावकीने कुळाची पुस्तिका काढायचे ठरवले. वंशावळ, कुलदैवत, जुने फोटो, गावाची माहिती. कामाचा सगळा भार एका काकांवर. त्यांनी पहिल्या पानावर वाक्य लिहिले होते: "शके १०६० मध्ये आपले मूळपुरुष बिंबराजाबरोबर मुंगी पैठणहून निघून मोरा बंदरी उतरले." आणि मला म्हणाले, "तू पीएचडी करतेस ना, एक पान प्रस्तावना दे. म्हणजे कोणी बोट दाखवायला नको."

मला काकांचा उद्देश कळला. पण पैठणहून निघालेला माणूस मोरा बंदरात समुद्रातून कसा काय उतरला, हे काही कळेना. विचारले तर काका म्हणाले, "मग उतरतील कुठे? बंदर तर हेच आहे."

हसू नका. आपण पेपरमध्ये असेच वाक्य किती वेळा लिहितो ते आठवा. "पूर्वीच्या अभ्यासांवरून असे दिसते की…" आणि तो पूर्वीचा अभ्यास आपण उघडलेलाही नसतो.

पुस्तक कोणते?

काकांच्या वाक्याचे मूळ 'महिकावतीची बखर' या ग्रंथात आहे, निदान तसे सगळे सांगतात. वि. का. राजवाडे यांनी तो १९२४ साली संपादून छापला. राजवाडे म्हणजे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड काढणारे, गावोगाव फिरून दप्तरे गोळा करणारे. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले तेही त्यांच्याच पुढाकाराने. ही बखर छापल्यावर दोनच वर्षांनी, १९२६ च्या अखेरीस ते गेले. म्हणजे हे त्यांचे अगदी शेवटच्या काळातले काम.

बखरीची गोष्ट थोडक्यात अशी. शके १०६० च्या सुमारास, म्हणजे इ.स. ११३८-३९ मध्ये, प्रताप बिंब नावाचा राजा उत्तर कोकणात आला. त्याने शिलाहारांचा मुलूख घेतला, महिकावती म्हणजे माहीम इथे राजधानी केली. मुलूख ओस होता म्हणून त्याने बाहेरून ६६ कुळे आणून वसवली. कोणी सोमवंशी, कोणी सूर्यवंशी, कोणी शेषवंशी. पुढे बिंबाचा वंश संपला, मग दुसरे राजे, मग देवगिरीच्या रामदेवरावाचा मुलगा बिंबदेव, मग सुलतान, मग पोर्तुगीज. त्याबरोबर कुळांची नावे, गोत्रे, गावे, वतने, कोणाचा मान पहिला आणि कोणाचा नंतर, अशी यादीच यादी.

उत्तर कोकणातल्या किती समाजांनी आपला उगम या गोष्टीला बांधला आहे ते पाहा. पाठारे प्रभू, पाचकळशी, पळशे ब्राह्मण, सगळे बिंबाबरोबर आले. आगरी समाजाबद्दलही 'बिंबराजाबरोबर मुंगी पैठणहून आले' ही परंपरा इंग्रजांच्या गॅझेटियरपर्यंत पोचली आहे. थोडक्यात, आमच्या किनाऱ्यावर प्रत्येकजण पाहुणा आहे आणि सगळे एकाच वऱ्हाडातून आले आहेत.

आधी राजवाड्यांचे देणे

टीका करायची तर आधी देणे मान्य करावे, ही सवय लावून घ्या. परीक्षकाच्या भूमिकेत बसल्यावर ती उपयोगी पडते.

राजवाड्यांनी या ग्रंथाबाबत एक फार मोठी गोष्ट केली. हा ग्रंथ एका हाताचा नाही, हे त्यांनी दाखवले. यात सहा प्रकरणे आहेत, ती वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या काळी लिहिली आहेत. त्यातला जुना गाभा केशवाचार्यांचा, शके १३७० म्हणजे इ.स. १४४८ चा. बाकीची भर नंतरची. मला हे वाचून फार आनंद झाला, कारण मी गाळाच्या नळीत हेच करते. वरून सगळा चिखल एकसारखा दिसतो, पण थर वेगळे काढल्याशिवाय त्याचे वय बोलता येत नाही.

दुसरे देणे म्हणजे त्यांनी या ग्रंथाकडे राजांची कथा म्हणून पाहिले नाही, लोकांची कथा म्हणून पाहिले. राजे बदलत राहिले तरी कोकणातला सामान्य माणूस उदासीन का राहिला, हा प्रश्न त्यांनी प्रस्तावनेत विचारला. अन्न सहज मिळत होते म्हणून राज्य कोणाचे याची त्याला फिकीर नव्हती, असे काहीसे त्यांचे उत्तर आहे. उत्तर मला पटत नाही. ज्यांनी खाजणाचे बांध घालून भातशेती केली आहे, मिठागरात पाय भाजून घेतले आहेत, त्यांना कोकणात अन्न सहज मिळते असे कोणी सांगू नये. पण प्रश्न मोठा आहे, आणि तो त्या काळी त्यांनी विचारला.

माझी तक्रार

तक्रार अशी: ज्या राजवाड्यांनी थर वेगळे केले, तेच पुढे त्या थरांमधली माहिती एकाच तराजूत टाकतात. केशवाचार्य शके १३७० मध्ये लिहितात. ते ज्या स्वारीबद्दल सांगतात ती शके १०६० ची. मध्ये ३१० वर्षे. आजच्या कोणी लेखकाने सन १७०० च्या आसपासची गोष्ट ऐकीव माहितीवरून लिहावी, कोणत्या कुळाला कोणता मान मिळाला त्यासकट, तितके हे अंतर आहे. तरी राजवाडे प्रताप बिंबाची स्वारी ही घडलेली घटना म्हणून घेतात आणि तिच्यावर वसाहतीचा पूर्ण इतिहास उभा करतात. त्यात भर म्हणून शब्दांच्या व्युत्पत्तीवरून लोकांचे मूळ शोधतात. व्युत्पत्ती हे धारदार हत्यार आहे, पण एका शब्दाच्या दोन व्युत्पत्त्या सहज निघतात आणि समाजाची मूळ गावेही मग दोन होतात.

मग तपासायचे कशावर? बखरीवर बखर घासून उपयोग नाही. दुसऱ्या जातीचा पुरावा पाहिजे, आणि तो त्याच काळातला पाहिजे. तो मिळाला कुठे? मोऱ्याहून रिक्षाने जाता येईल इतक्या अंतरावर.

चांजे आणि रानवडच्या शिळा

करंजाच्या बाजूला चांजे नावाचे गाव आहे. तिथे शिलाहारांच्या दोन शिळा सापडल्या, आणि जवळच रानवडला तिसरी. तिघींचे वाचन प्रसिद्ध आहे, वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांच्या लेखांचा जो मोठा संग्रह १९७७ मध्ये काढला त्यात ते मिळते.

त्यातली चांजेची जुनी शिळा कोणत्या सालची आहे माहीत आहे? शके १०६०.

तेच वर्ष. बखरीप्रमाणे ज्या सुमाराला प्रताप बिंब शिलाहारांचे राज्य बुडवत होता, त्या वर्षी चांजेच्या शिळेवर शिलाहार राजा अपरादित्य शांतपणे दान देतो आहे. आपल्या आईच्या, लीलादेवीच्या पुण्यासाठी. नागुम गावातली जमीन. नागुम म्हणजे बहुधा आपले उरणचे नागाव.

एका शिळेवर थांबू नका. एक पुरावा म्हणजे योगायोग असू शकतो. पुढच्याच वर्षी, शके १०६१ चा पन्हाळेकाजीचा ताम्रपट आहे; दापोली तालुक्यातले पन्हाळेकाजी. त्यात अपरादित्याचा मुलगा विक्रमादित्य तिकडे दक्षिणेत कारभार करताना दिसतो. म्हणजे राज्य बुडत नव्हते, पसरत होते. तिसरा पुरावा तर थेट काश्मीरचा. मंख नावाच्या काश्मिरी कवीच्या 'श्रीकण्ठचरित' या काव्यात विद्वानांच्या एका सभेचे वर्णन आहे. तिथे कोकणच्या अपरादित्याने पाठवलेला तेजकंठ नावाचा दूत हजर आहे. काळ साधारण हाच. याज्ञवल्क्य स्मृतीवरची 'अपरार्क' टीकाही याच राजाच्या नावावर आहे. ज्याच्या राजधानीवर शत्रू बसला आहे त्याचे हे चित्र नाही.

बाकीच्या दोन शिळा सव्वाशे वर्षांनंतरच्या. रानवडची शके ११८१ ची आणि चांजेची दुसरी शके ११८२ ची, म्हणजे इ.स. १२५९ आणि १२६०. दोन्ही सोमेश्वराच्या. हा उत्तर कोकणच्या शिलाहारांचा शेवटचा राजा. पुढे देवगिरीच्या महादेव यादवाशी लढताना तो समुद्रात बुडाला. चांजेच्या शिळेत त्याने चांजे गावातल्या एका बागेचे ठरीव उत्पन्न, १६२ द्रम्म, ठाण्याच्या उत्तरेश्वर महादेवाला लावून दिले आहे. म्हणजे १२६० मध्येही आमच्या भागाचा धनी शिलाहारच. १२२ वर्षांच्या अंतराने त्याच गावात त्याच घराण्याच्या दोन शिळा, आणि एकीवरही बिंबाचे नाव नाही.

घाई करू नका

इथे तुमच्यापैकी कोणीतरी उडी मारेल: "म्हणजे बखर खोटी!" थांबा. हीच चूक नवा संशोधक करतो. एक दावा पडला की तो अख्खे पुस्तक फेकतो.

शिळेने काय सिद्ध केले? एवढेच, की शके १०६० मध्ये उरणच्या बाजूला अपरादित्याचा अंमल होता. त्याच वेळी वर केळवे-माहीमकडे दुसरे कोणी घुसले नव्हते, हे चांजेची शिळा सांगू शकत नाही. आणि घुसखोरी त्या काळात होत होती. अपरादित्याच्याच आधीच्या, शके १०४९ च्या वडवलीच्या दानपत्रात छित्तुक नावाच्या शत्रूने राज्य ग्रासले होते आणि ते अपरादित्याने परत मिळवले, असे येते. पुढे ११६० च्या आसपास गुजरातच्या कुमारपाल चौलुक्याच्या सेनापतीने शिलाहार मल्लिकार्जुनाला मारले, असे गुजरातचे जैन प्रबंध सांगतात. मग उत्तरेकडून आलेल्या फौजेची, ओस पडलेल्या मुलखाची, नव्याने बसवलेल्या लोकांची एखादी खरी आठवण तीनशे वर्षे तोंडातोंडी फिरत राहिली, तिला देवगिरीच्या बिंबदेवाचे नाव आणि रंग चिकटला, आणि केशवाचार्यांपर्यंत पोचेतो ती एका राजाची एक स्वारी झाली, असे होऊ शकते. हा माझा अंदाज आहे, निष्कर्ष नाही. सिनॉप्सिसमध्ये तुम्ही जिथे 'हायपोथिसिस' लिहिता, त्या रकान्यातली ही गोष्ट.

आणि शिळाही धुतल्या तांदळासारख्या नाहीत बरं का. राजाची तारीख, गाव, दान, हे शिळेत खरे असण्याची शक्यता जास्त, कारण शिळा हा व्यवहाराचा कागद आहे. उद्या बागेवरून तंटा झाला तर दान घेणाऱ्याला तीच दाखवायची असते. राजाचे नाव चुकले तर कागद फुकट. म्हणून तर अशा दगडांवर दान मोडणाऱ्याला शाप असतो, पुष्कळदा गाढवाच्या चित्रासकट. आपण गधेगाळ म्हणतो ते. पण हेच शिलाहार आपल्या लेखांत स्वतःला कोणाचे वंशज म्हणवतात? जीमूतवाहन विद्याधराचे, ज्याने नागाला वाचवण्यासाठी गरुडापुढे स्वतःचा देह ठेवला. आणि पदवी घेतात तगरपुराचे स्वामी अशी. तगर म्हणजे मराठवाड्यातले तेर. कोकणात राष्ट्रकूटांचे मांडलिक म्हणून सुरुवात केलेले घराणे, कान्हेरीच्या लेण्यांत इ.स. ८४३ पासून त्यांचे लेख, आणि सांगतात काय, आम्ही तेरचे!

म्हणजे पाहा, राजासुद्धा तेच करत होता जे आमचे काका करत आहेत. मूळ सांगायचे तर लांबचे, जुने आणि मोठे सांगायचे. एकाच दगडावरची दानाची ओळ मी मानते आणि वंशाची ओळ मानत नाही. हा दुटप्पीपणा नव्हे. पुरावा हा पूर्ण वस्तूचा नसतो, एकेका विधानाचा असतो. प्रत्येक विधानाला वेगळे विचारायचे: हे खोटे लिहिले असते तर लिहिणाऱ्याचे काही नुकसान झाले असते का? दानाच्या तपशिलात झाले असते. विद्याधराच्या गोष्टीत कोणाचेच नसते झाले.

असाच आणखी एक मोह आमच्याकडे आहे. मोऱ्याच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर घारापुरी दिसते. शिलाहारांच्या लेखांत 'पुरी' ही राजधानी येते. लगेच आमच्याकडच्या प्रत्येक स्मरणिकेत घारापुरी म्हणजे शिलाहारांची राजधानी! अभ्यासकांत यावर वाद आहे, राजापुरीचेही नाव घेतले जाते. समोर दिसते म्हणून तेच असावे, हे 'मग उतरतील कुठे' याच्याच जातीचे तर्कशास्त्र.

आयर्लंडची गोष्ट

हे फक्त आपल्याकडेच चालते असे नाही. आयर्लंडमध्ये कुळांच्या वंशावळी सांभाळणारी विद्वानांची घराणीच होती. बाराव्या शतकातल्या त्यांच्या मोठ्या हस्तलिखितांत पानेच्या पाने वंशावळी आहेत. म्हणजे आपल्या चांजेच्या शिळेच्याच शतकात. तिथल्या अभ्यासकांनी त्या बारकाईने वाचल्या तेव्हा दिसले की एखादे कुळ बलवान झाले की त्याचा वंश हळूच मोठ्या घराण्याला जोडला जाई, दुबळे झाले की यादीतून खाली सरके. वंशावळ ही रक्ताची नोंद कमी आणि त्या वेळच्या राजकारणाची नोंद जास्त.

मग विज्ञानवाले आले. २००६ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी दाखवले की आयर्लंडच्या वायव्य भागात साधारण पाचातल्या एका पुरुषाच्या वाय गुणसूत्रावर एकच खूण आहे. त्यांनी ती पाचव्या शतकातल्या नियाल या प्रसिद्ध राजाच्या वंशाशी जोडून पाहिली. वर्तमानपत्रांना काय हवे, लाखो लोक राजाचे वंशज! पुढे अभ्यास वाढला तसे दिसले की ती खूण नियालपेक्षा बरीच जुनी आहे आणि स्कॉटलंडमध्येही पसरलेली आहे. गुणसूत्र खोटे बोलले नव्हते. त्यावर राजाचे नाव नव्हते, एवढेच. ते नाव आपण लावले.

हे मी मुद्दाम सांगते, कारण आपण सायन्सवाले. हल्ली लाळेची चाचणी करून 'तुमचे मूळ' सांगणाऱ्या कंपन्या आहेत, आणि भावकीच्या ग्रुपवर लगेच प्रस्ताव येतो की एकदा डीएनए करून टाकू, बिंबाचा निकाल लागेल. नाही लागणार. बिंबाचा नमुना आहे कोणाकडे जुळवून पाहायला?

मग बखर वाचायची कशासाठी?

वाचायची, आणि नीट वाचायची. कोणताही ग्रंथ ज्या काळाबद्दल बोलतो त्याच्यापेक्षा ज्या काळात लिहिला गेला त्याचा जास्त चांगला साक्षीदार असतो. शके १०६० बद्दल बखर कमजोर आहे. पण इ.स. १४४८ बद्दल? तिच्यासारखे साधन दुसरे नाही. सुलतानी अंमलाखाली उत्तर कोकणातली घराणी जमून आपापली कुळे, गोत्रे, मान लिहून ठेवायचे ठरवतात. का? कारण ते विसरले जात होते. 'महाराष्ट्रधर्म' हा शब्द या ग्रंथात येतो तो या घालमेलीत येतो. घराण्यांचे एकमेकांशी मानापमान काय होते, कोणती गावे नांदती होती, लोकांना आपल्याबद्दल काय सांगावेसे वाटत होते, हे सगळे त्यात आहे. राजवाड्यांनी बखरीला विचारले, "तुम्ही कुठून आलात?" मी तिला विचारेन, "तुम्हाला हे आत्ताच का सांगावेसे वाटले?" या दुसऱ्या प्रश्नाला ती भरभरून उत्तर देते.

एक व्यवहाराची टीपही लिहून ठेवा. आमच्या भागावर काम करायचे असेल तर जुनी माहिती चुकीच्या कपाटात शोधू नका. उरण हा पूर्वी पनवेल तालुक्याचा पेटा होता आणि पनवेल १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते. नंतर कुलाब्यात गेले. कुलाब्याचे रायगड झाले ते १९८१ मध्ये. त्यामुळे १८८२ च्या गॅझेटियरमध्ये उरण, पनवेल, करंजा यांची माहिती ठाणे जिल्ह्याच्या खंडांत आहे. मी कुलाब्याचा खंड चाळत दोन दिवस घालवले. तुम्ही घालवू नका.

काकांच्या वाक्याचे काय झाले

आता खरे दुखणे. काकांना मी काय सांगायचे? पीएचडीला दोन वर्षे झालेली पुतणी साठ वर्षांच्या माणसाला सांगणार की तुमच्या आजोबांनी सांगितलेले टिकत नाही? आणि हा नुसता अभिमानाचा प्रश्न नाही. आमच्या पट्ट्यातल्या लोकांच्या जमिनी बंदराला आणि नव्या शहराला गेल्या. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले त्यात पाच जणांनी जीव दिला, आणि मग साडेबारा टक्के जमिनीचा हिशेब सुरू झाला. 'आम्ही इथले' हे वाक्य आमच्याकडे सातबाऱ्यासारखे जपलेले आहे. कोणी त्याला हात लावला की माणूस दचकतो.

पण मला वाटले, काकांच्या वाक्यातच आमचे नुकसान आहे. 'बिंबाबरोबर आलो' म्हणजे आम्ही आणलेले लोक, मुलूख ओस होता म्हणून वसवलेले. आणि शिळा काय सांगते? शके १०६० मध्ये नागुमात दान देण्याजोगी जमीन होती. चांजेत बाग होती, तिचे ठरीव उत्पन्न येत होते. जमीन आपोआप पिकत नाही, खारे पाणी आपोआप थांबत नाही, द्रम्म झाडाला लागत नाहीत. कोणीतरी बांध घालत होते, कोणीतरी राबत होते. राजाने दान दिले ते त्यांच्या घामाचे. त्यांची नावे शिळेवर नाहीत, कारण शिळा त्यांच्यासाठी कोरलेली नव्हती. ते आमचेच पूर्वज होते असेही मी म्हणणार नाही. ती पुन्हा तीच चूक होईल. पण मुलूख ओस नव्हता, हे नक्की म्हणता येते.

हे मी काकांना सांगितले, साखरपुड्याच्या मांडवात, मागे धवलारणीची गाणी चालू असताना. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे माझे आजोबा खोटे बोलले?"

मी म्हटले, "नाही काका. त्यांनी जे ऐकले ते सांगितले. आपणही तसेच लिहू. ऐकले असे लिहू."

दोन दिवस काका माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी फोन आला, "त्या दगडाचे नीट लिहून दे. तारखेसकट."

पुस्तिकेच्या पहिल्या पानावर आता दोन वाक्ये आहेत. पहिले: "आपले पूर्वज बिंबराजाबरोबर आले असे आपल्या घरात पिढ्यानपिढ्या सांगितले जाते." दुसरे: "उरणच्या या परिसरात शके १०६० मध्ये शेतजमीन आणि वस्ती होती, हे चांजेच्या शिळेवरून दिसते." दोन्ही खरी आहेत. पहिले आठवणीबद्दल खरे आहे, दुसरे जमिनीबद्दल. मध्ये 'म्हणून' लिहिलेले नाही. ते एक 'म्हणून' न लिहिण्यासाठी मला चार महिने वाचावे लागले. मोरा बंदरी उतरल्याचे वाक्य काकांनी स्वतःच काढले. म्हणाले, "पैठणला समुद्र कुठला!"

आता तुमचे काम

तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूतले कोणतेही एक वाक्य घ्या, ज्याच्यावर तुमचा प्रबंध उभा राहणार आहे. ते कोणी लिहिले, घटनेनंतर किती काळाने लिहिले, त्याने मूळ पाहिले होते की दुसऱ्याचे उचलले, ते तपासा. मग त्याच गोष्टीचा वेगळ्या जातीचा, त्याच काळातला पुरावा शोधा. नाही जुळला तर पेपर फेकू नका. तो कशाचा चांगला पुरावा आहे ते विचारा. आणि सगळ्यात शेवटी आपण लिहिलेले 'म्हणून' मोजा. जितके कमी तितके बरे.

आणि हो, घरच्यांशी वाद घालायचा असेल तर जेवणानंतर घाला. भेटू पुढच्या लेखात.